खिडकीतलं आभाळ आणि स्टेजवरचं पोर

१९८९ साली सोनीने जपानमध्ये सीसीडी-टीआर५५ नावाचा हँडिकॅम बाजारात आणला. वजन ७९० ग्रॅम. जाहिरातीत त्याचं माप पासपोर्टशी ताडून दाखवलं होतं. परदेशी सहलीला निघालेल्या जपानी कुटुंबाने पासपोर्टाबरोबर हाही पिशवीत टाकावा, एवढंच त्या जाहिरातीला सांगायचं होतं, आणि ते लोकांना पटलं. त्याच्या सहाच वर्षं आधी, १९८३ मध्ये आलेला सोनीचाच बीटामूव्ही हा कॅमेरा अडीच किलोच्या घरातला होता. तो खांद्यावर घेऊन चित्रण करायचं आणि काय टिपलं गेलं ते घरी जाऊन दुसऱ्या यंत्रावर बघायचं, कारण त्या कॅमेऱ्यात टेप परत लावून पाहायची सोयच नव्हती.

पिशवीत मावणारा, घरच्या माणसांसाठीचा आणि विमानात सोबत नेता येणारा व्हिडिओ कॅमेरा ही मागणी अशी जुनी आहे. कोणता घ्यावा, हा प्रश्न मात्र आज जास्त अवघड झाला आहे. दुकानात गेलं की ‘४के आहे, ५.३के आहे, ८के आहे’ हे आकडे आधी कानावर पडतात, आणि घरच्या चित्रीकरणात नेमके हेच आकडे सर्वांत कमी उपयोगाचे असतात. समोरचं माणूस किती लांब आहे, उजेड किती आहे आणि आवाज कुठून येतो आहे, यांवर कॅमेरा निवडायचा असतो. विमानाच्या खिडकीतून टिपायचं असेल तर या यादीत काचेची भर पडते.

आधी अंतर. शाळेचं गॅदरिंग डोळ्यांपुढे आणा. मूल स्टेजवर, पालक मधल्या रांगेत, म्हणजे साधारण २० मीटरवर. फोनचा मुख्य कॅमेरा किंवा बरेचसे खिशातले कॅमेरे ज्या रुंद दृश्यापासून सुरू होतात ती लेन्स २४ मिलिमीटरच्या तोलाची असते. २० मीटरवर तिच्या चौकटीत सुमारे ३० मीटर रुंद आणि १७ मीटर उंच इतका भाग बसतो. अख्खं स्टेज, पडदे, वरचे दिवे, पुढच्या चार रांगांमधली डोकी, सगळं येतं. १.२ मीटर उंचीचं मूल त्या चौकटीच्या उंचीचा जेमतेम ७ टक्के भाग व्यापतं. फुल एचडीत ते ७५-८० बिंदूंचं होतं आणि ४केमध्ये दीडशेचं. चेहऱ्याच्या वाट्याला त्यातला सहावा-सातवा हिस्सा येतो. झाडाच्या वेषातलं पोर आपलं की शेजारच्यांचं, हे आईलाही सांगता येणार नाही. आता तेच दृश्य २०० मिलिमीटरच्या तोलाच्या लेन्समधून घ्या. चौकट सुमारे २ मीटर उंचीची होते आणि मूल तिचा निम्म्याहून अधिक भाग व्यापतं. इथे चित्र सुधारलं ते लेन्समुळे. बिंदू वाढवून हा फरक पडला नसता.

म्हणून घरात शाळकरी मूल असेल, नृत्य, नाटक, कबड्डीचे सामने, बक्षीस समारंभ हे वर्षभर चालणार असेल, तर ऑप्टिकल झूम हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे. डिजिटल झूम त्याची जागा घेऊ शकत नाही. तो चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. फोनमध्ये स्वतंत्र टेलिफोटो लेन्स असेल तर काही अंशी भागतं, पण त्या लेन्समागचा सेन्सर बहुधा मुख्य कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा लहान असतो आणि सभागृहाच्या अंधारात तो लगेच उघडा पडतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. सेन्सरचं क्षेत्रफळ जितकं मोठं तितका अंधारात चित्राचा निभाव लागतो. हँडिकॅमच्या एएक्स५३ सारख्या मॉडेलमध्ये सेन्सर साधारण २५ चौरस मिलिमीटरचा आहे. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर, साडेचारपटीहून अधिक. मंगल कार्यालयातली मुंज, संध्याकाळचं बारसं, घरातल्या समईच्या उजेडातली आरती, हे या मोठ्या सेन्सरवर स्वच्छ येतं. लहान सेन्सरवर काळ्या भागात मुंग्यांसारखे ठिपके वळवळू लागतात, आणि ते लपवायला कॅमेरा जी सफाई करतो तिच्यात चेहरे मेणाचे दिसतात.

अडचण ही की झूम आणि उजेड एकमेकांच्या वाटेत येतात. मोठ्या सेन्सरसाठी लांब पल्ल्याची लेन्स करायची तर तीही मोठी होते, मग कॅमेरा खिशात मावत नाही. सोनीच्या आरएक्स१०० मार्क ७ मध्ये (२०१९) एक इंची सेन्सर आणि २४ ते २०० मिलिमीटरचा झूम, दोन्ही ३०० ग्रॅममध्ये बसवले आहेत, पण पूर्ण झूमवर त्याचं छिद्र एफ ४.५ पर्यंत आकसतं. डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ (ऑक्टोबर २०२३) हाही एक इंची सेन्सरचा, छिद्र एफ २, वजन १७९ ग्रॅम. एफ २ मधून एफ ४.५ च्या पाचपट उजेड आत येतो. मात्र पॉकेट ३ ला ऑप्टिकल झूम मुळीच नाही आणि त्याची लेन्स २० मिलिमीटरच्या तोलाची आहे. गॅदरिंगमधलं आपलं मूल त्याच्यात आणखी लहान होईल. हेच मूल घरात दोन हातांवर रांगत असेल, तर याच्याइतका सोयीचा कॅमेरा मला दुसरा माहीत नाही.

कारण त्याचं गिंबल. चित्र स्थिर ठेवण्याच्या तीन तऱ्हा आहेत. ऑप्टिकल पद्धतीत लेन्समधलं भिंग किंवा सेन्सर हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने सरकतो. हँडिकॅमच्या चांगल्या मॉडेलमध्ये तर लेन्स आणि सेन्सर मिळून अख्खा संचच डोलतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत कॅमेरा चित्राच्या कडा राखून ठेवतो आणि चौकट इकडेतिकडे सरकवून हेलकावा झाकतो. गोप्रोने २०१८ मध्ये हिरो ७ ब्लॅकमध्ये आणलेल्या हायपरस्मूथने ही पद्धत घरोघरी पोचवली. तिचं दुखणं अंधारात कळतं. प्रत्येक चित्राला उजेडात राहायला जास्त वेळ लागतो, तेवढ्या वेळात हात हलतो, चित्र आतल्या आतच पुसट होतं. नंतर चौकट कितीही सरकवली तरी ते पुसटपण जात नाही. स्थिर चौकटीत मध्येच फिसकटल्यासारखे धक्के दिसत राहतात. गिंबलमध्ये छोट्या मोटरी अख्खा कॅमेराच तोलून धरतात, त्यामुळे तो अंधारातही कामाचा. पळत्या नातवामागे चालत चित्रण करणाऱ्या आजोबांच्या हातात मी गिंबलवाला कॅमेरा देईन. खुर्चीत बसून स्टेजवरचं टिपणाऱ्याला गिंबलची फारशी गरज नाही. त्याने ऑप्टिकल स्थिरीकरण आणि झूम बघावा.

लांबलचक कार्यक्रम टिपायचे असतील तर आणखी एक गोष्ट दुकानात विचारून घ्यावी: सलग किती वेळ चालतो? फोटोच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी चित्रण आपोआप थांबायचं. त्यामागचं मोठं कारण युरोपीय संघाचं आयातशुल्क. अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला तिथे व्हिडिओ कॅमेऱ्याचा कर लागत असे. तो नियम मागे पडला तरी तसे कॅमेरे अजून बाजारात आणि घरांत आहेतच. दुसरी मर्यादा उष्णतेची. वर सांगितलेला आरएक्स१०० मार्क ७ मूळ सेटिंगवर ४केमध्ये सुमारे ५ मिनिटांनी थांबतो. तापमानाची मर्यादा मेन्यूत जाऊन वाढवली की पुढे चालतो, पण बॅटरी इवलीशी असल्याने एकीवर मुंज पुरी होत नाही. ज्यांना तास-दीड तास सलग चित्रण हवं आहे त्यांच्यासाठी जुन्या धाटणीचा कॅमकॉर्डर अजूनही सर्वांत भरवशाचा. बाजारात त्याची मोजकीच मॉडेलं उरली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २० पट झूम, मुठीत बसणारा पट्टा, अंगठ्याखाली बटण, मोठी बॅटरी: घरातल्या कुणाच्याही हाती द्यावा आणि त्याने तो लगेच चालवावा, असं ते यंत्र आहे.

आवाजाबद्दल खरेदी करताना कुणीच बोलत नाही. वीस वर्षांनी आजीचा व्हिडिओ पाहताना चित्र थोडं धूसर असलं तरी चालतं, पण तिचा आवाज ऐकू आला नाही तर तो व्हिडिओ जवळजवळ गेलाच. आजी स्वयंपाकघरात बसून जात्यावरच्या ओव्या म्हणते आहे असं समजा. डोक्यावर पंखा, ओट्यावर कुकर, बाहेर रिक्षा. कॅमेरा चार मीटरवर दारात उभा. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवरून चार मीटरवर जाताना ते तीनदा घडतं, म्हणजे १८ डेसिबल. पंख्याचा आवाज मात्र सगळीकडे जवळपास सारखाच असतो. मग कॅमेऱ्यातलं स्वयंचलित नियंत्रण क्षीण आवाज वाढवायला जातं आणि त्याबरोबर पंखाही मोठा करून ठेवतं. उपाय महागडा नाही. पदराला किंवा साडीच्या काठाला लावायचा छोटा बिनतारी माइक घ्यावा, किंवा कॅमेराच हातभर अंतरावर आणावा, आणि ओव्या संपेपर्यंत पंखा बंद ठेवावा. त्यासाठी कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडायची सोय हवी. साडेतीन मिलिमीटरची ती छोटी खाच, किंवा यूएसबी-सीतून माइक घेण्याची तरतूद, ही माझ्या लेखी ८केपेक्षा कितीतरी मोलाची.

उजेडाबद्दल आणखी एक. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. साधे एलईडी आणि ट्यूबलाइट त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक चित्रात पूर्ण चढउतार सामावतात आणि उजेड एकसारखा येतो. कॅमेरा ६० चित्रांच्या अमेरिकी प्रणालीवर असेल आणि शटर १/६० वर, तर कार्यालयाच्या पांढऱ्या भिंतीवर करड्या पट्ट्या सरकताना दिसतात. मेन्यूत ‘पाल’ निवडून २५ किंवा ५० चित्रांचा वेग ठेवला की बहुतेक वेळा काम होतं. उलट न्यू जर्सीतल्या लेकीकडे गेलात तर तिथली वीज ६० हर्ट्झची; तिथे शटर १/६० ठेवावं. लेकीने अमेरिकेहून कॅमेरा आणून दिला तर आधी हे बघावं, की त्याच्यात दोन्ही प्रणाली बदलता येतात ना. काही कॅमकॉर्डर एकाच प्रणालीला बांधलेले असतात. शिवाय तिथली वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

आता विमान. खिडकीशी बसून टिपायचं म्हटलं की झूमचं महत्त्व घसरतं. जमीन काही किलोमीटर खाली असते, मधली धूसर हवा झूमने आणखी धूसर होते. २४ ते ५० मिलिमीटरच्या तोलात पंख, ढग आणि क्षितिज छान बसतात. उजेडाची तर चंगळ असते. त्यामुळे अंधारात कच खाणारा साधा कॅमेरा किंवा चांगला फोनही इथे सुरेख काम करतो. फक्त काच समजून घ्यावी लागते.

प्रवासी विमानाच्या खिडकीला सहसा तीन थर असतात. बाहेरचे दोन ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकचे आणि आतला, हात लागतो तो, ओरखडे सोसण्यासाठी. मधल्या थराला तळाशी एक बारीक भोक असतं. हवेचा दाब बाहेरच्या थरावर जावा आणि काचेवर दव साचू नये म्हणून ते ठेवलेलं असतं. कडाक्याच्या थंडीत त्याच भोकाभोवती बर्फाची नक्षी उमटते. कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस या ओरखड्यांवर आणि नक्षीवर अडकतो, मग पुढे-मागे धावत बसतो आणि खालची नदी दर दोन सेकंदांनी पुसट होते. फोकस हाताने अनंतावर ठेवता येणारा कॅमेरा इथे जिंकतो. फोनमध्ये लांबच्या ढगावर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच अडकून राहतो.

ध्रुवीकरणाचा फिल्टर मात्र विमानात लावू नये. ताणलेलं अ‍ॅक्रिलिक ध्रुवीकृत प्रकाशाचे रंग वेगवेगळे करतं आणि आकाशभर तेलाच्या तवंगासारखे हिरवे-जांभळे पट्टे दिसू लागतात. प्रतिबिंब घालवायचं तर लेन्सला रबराचा मऊ हूड लावावा, वाचायचा दिवा बंद करावा, अंगात गडद कपडे असावेत. पांढऱ्या शर्टातला माणूस खिडकीतून टिपतो तेव्हा ढगांवर त्याचाच शर्ट उमटतो. लेन्स काचेला टेकवू नये. विमानाची सगळी थरथर तिच्यातून कॅमेऱ्यात उतरते. दोनेक सेंटिमीटर अंतर सोडावं आणि कोपर हाताच्या दांड्यावर न टेकवता अंगाशी घ्यावं.

जागा निवडताना पंखाच्या पुढची घ्यावी. मागे बसलात तर इंजिनाच्या तप्त झोतातून बघावं लागतं आणि जमीन उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखी लहरते. सूर्याची दिशाही पाहावी: मुंबईहून दिल्लीला सकाळी निघालात तर ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावीकडची खिडकी चांगली, संध्याकाळी उलट. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर सह्याद्री हिरवा असतो आणि हवा धुतलेली, त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या आसपासची उतरण किंवा चढण टिपायला मिळाली तर जरूर टिपावी.

लहान गावांच्या मार्गांवर एटीआर-७२ हे पंख्याचं विमान धावतं; इंडिगो, अलायन्स एअर आणि गोव्याची फ्लाय९१ या कंपन्यांकडे ते आहे. त्याचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे जमीन अडत नाही, आणि हे विमान जेटइतकं उंचही जात नाही. चित्रणाला याच्याइतकं चांगलं विमान नाही. पण समोर फिरणारा सहा पात्यांचा पंखा चित्रात विचित्र दिसतो: पाती विळ्यासारखी वाकलेली, कधी दांड्यापासून सुटून हवेत तरंगणारी. कॅमेऱ्यात बिघाड नसतो. सेन्सर सगळं चित्र एकाच क्षणी घेत नाही, वरून खाली ओळीमागून ओळ वाचतो. उड्डाणाच्या वेळी हा पंखा मिनिटाला सुमारे १,२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. सेन्सरला वरपासून खालपर्यंत वाचायला १/६० सेकंद लागलं असं धरलं, तर तेवढ्यात पंखा १२० अंश फिरलेला असतो. पहिल्या ओळीतलं पातं आणि शेवटच्या ओळीतलं पातं वेगवेगळ्या क्षणांचं, म्हणून ते वाकलेलं दिसतं.

यावर उतारा शटरचा. भर उन्हात स्वयंचलित शटर १/३००० सेकंदाच्या पलीकडे जातं, तेव्हा प्रत्येक ओळीत पातं गोठून येतं आणि वाकडेपणा ठळक होतो. तेच शटर १/५० वर आणलं तर तेवढ्या वेळात पंखा १४४ अंश फिरतो. सहा पात्यांमधलं अंतर ६० अंशांचं. म्हणजे प्रत्येक जागेवरून किमान दोन पाती जाऊन चुकलेली असतात. चित्रात मग पाती उरत नाहीत, डोळ्याला दिसते तशी पारदर्शक चकती येते. पण १/५० वर ऊन आवरायचं कसं? एफ २.८ छिद्राला आणि आयएसओ १०० ला भर उन्हात १/३२०० सेकंद पुरतं. तिथून १/५० वर यायचं तर उजेड ६४ पटीने कमी करायला हवा, आणि ते काम राखाडी काचेचा एनडी ६४ फिल्टर करतो. सोनीच्या झेडव्ही-१ (२०२०) मध्ये ८ पट उजेड कापणारा एनडी आतच बसवलेला आहे. तो चालू करून छिद्र एफ ८ पर्यंत आकसवलं की आणखी ८ पट कमी होतो, म्हणजे नेमके ६४. गंमत इतकीच की लहान छिद्रावर काचेचे ओरखडेही स्पष्ट होतात, म्हणून शक्य असेल तर छिद्र उघडं ठेवून वेगळा फिल्टर लावणं बरं. हे सगळं करायला शटर हाताने ठरवता यायला हवं. खरेदीच्या वेळी एवढं नक्की तपासावं.

गिंबलचा मात्र विमानात उलटा अनुभव येतो. विमान वळताना एका अंगावर कलतं, पण नीट घेतलेल्या वळणात आपल्याला वजन सरळ पायांखालीच जाणवतं. ट्रेवरचा पेला हिंदकळत नाही. कॅमेऱ्यातला एक संवेदक सांगतो की आपण फिरलो, दुसरा सांगतो की खालची दिशा होती तीच आहे. गिंबल आधी खऱ्या क्षितिजाला धरून ठेवतं, मग हळूहळू विमानाच्या जमिनीकडे झुकत जातं. चित्रात खिडकीची चौकट आधी तिरकी होते आणि मग आपोआप सरळ होत जाते. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणातला क्षितिज बांधून ठेवणारा पर्यायही असाच फसतो. विमानात तो बंद करावा आणि स्थिरीकरण अगदी सौम्य ठेवावं. क्षितिज कलू द्यावं. विमान खरंच कललेलं आहे.

नियमांचं भान मात्र हवं. विमानात प्रवाशाने फोटो-व्हिडिओ काढायला मनाई नाही. सप्टेंबर २०२० मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हे स्पष्ट केलं, आणि त्याचबरोबर सुरक्षेला बाधा येईल, गोंधळ माजेल किंवा कर्मचाऱ्यांनी मना केलं असेल अशा चित्रणाला बंदी सांगितली. विमानतळाची गोष्ट वेगळी. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं आयएनएस हंसा. अशा ठिकाणी धावपट्टीवरून, बसमधून, शिडीवरून कॅमेरा काढायचा नाही. मे २०२५ मध्ये संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, विमान १०,००० फुटांवर जाईपर्यंत खिडक्यांचे पडदे ओढून ठेवण्याचा आदेश निघाला होता. सूचना बदलत राहतात. त्या दिवशी कर्मचारी सांगतील तेच ऐकावं. शेजारच्या प्रवाशाचा चेहरा टिपण्याआधी त्याला विचारणं हे तर साधं सौजन्य आहे. कॅमेऱ्याचं वाय-फाय बंद ठेवावं, आणि उड्डाण-उतरणीच्या वेळी सीटला, खिडकीला काही चिकटवू नये; मनगटात दोरी अडकवून कॅमेरा हातातच धरावा.

सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या पिशवीतच न्यायच्या. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास असा हिशेब. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवरबँक ३.७ व्होल्टला ७४ वॉट-तासांची भरते आणि चालते. कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या यापुढे फारच लहान, ५ ते १५ वॉट-तासांच्या. टोकं उघडी राहू नयेत म्हणून प्रत्येक बॅटरी वेगळ्या डबीत ठेवावी. अनेक कंपन्या विमानात पॉवरबँकेवर चार्जिंग करू देत नाहीत, तेव्हा घरूनच दोन बॅटऱ्या भरून निघावं.

कार्ड किती मोठं घ्यायचं, हा हिशेबही सोपा आहे. ४केचं चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर तासाला ४५ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या थोडं पुढे जातं. कार्डावर ‘व्ही ३०’ ही खूण असली की ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं, घरच्या कामाला पुरे. घराच्या टीव्हीवर पाहायचं आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवायचं एवढंच असेल तर फुल एचडीवर चित्रण केलेलंही चालतं, जागा कमी लागते आणि कॅमेरा तापत नाही.

मला कुणी विचारलं तर मी असं सांगेन. घरात तान्हं बाळ आणि वर्षातून दोन-तीन विमानप्रवास: गिंबलवाला एक इंची छोटा कॅमेरा. शाळकरी मुलं आणि लांबचं स्टेज: २०० मिलिमीटरपर्यंत झूम असलेला खिशातला कॅमेरा, किंवा दीड-दोन तास सलग टिपायचं असेल तर कॅमकॉर्डर. पोहणं, किल्ला, सायकल आणि पाऊस: गोप्रोसारखा दणकट कॅमेरा, पण मुंजीसाठी त्याच्यावर विसंबू नये. फक्त विमानाची खिडकी आणि अधूनमधून वाढदिवस: हातातला फोन पुरे, उरलेल्या पैशांत बिनतारी माइक आणि एनडी फिल्टर घ्यावा.

दुकानात जाताना आपलं कार्ड सोबत न्यावं. दुकानातल्या एलईडीखाली शटर १/६० आणि १/५० दोन्हींवर टिपून पट्ट्या येतात का ते बघावं. दाराबाहेरच्या रस्त्यावर पूर्ण झूम लावून, एका हातात धरून, अर्धा मिनिट चित्रण करावं. घरातल्या ज्या माणसाला तो खरोखर वापरायचा आहे त्याच्या हातात देऊन बघावा; बटण सापडायला त्याला शोधाशोध करावी लागली तर तो कॅमेरा महिनाभरात कपाटात जाईल. बिल जपून ठेवावं, आणि महागडा कॅमेरा घेऊन परदेशी निघालात तर जाताना कस्टम्सकडे तो दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, म्हणजे परतताना तो तिथेच घेतला का असं विचारून कुणी शुल्क मागणार नाही.